कोर्टाची तारीख चुकली, तर काय करावे?
(शेतकऱ्यांसाठी नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आज पिकापाण्याचा विषय बाजूला ठेवून आपण एका वेगळ्याच विषयाची माहिती घेणार आहोत. पण हा विषयही जमिनीचाच आहे बरं का! बांधाचा वाद, वाटणीचा दावा, सोसायटीची थकबाकी, रस्त्याची अडवणूक, नाही तर बांधावरून झालेली मारामारी. या ना त्या कारणाने कोर्टाची पायरी चढावी लागली नाही असे घर गावात क्वचितच सापडेल. आणि कोर्टात गेले की तारीख आलीच.

पेरणी साधली नाही तर दुबार पेरणी करता येते, पण तीही वेळेत करावी लागते. आषाढातली दुबार पेरणी कुणी दिवाळीत करत नाही. तारखेचेही तसेच आहे. एक तारीख चुकली म्हणजे सगळे संपले असे नाही. कायद्याने दुबार पेरणीची सोय ठेवली आहे. मात्र तिला मुदत आहे, आणि बहुतेक दिवाणी प्रकरणांत ती फक्त ३० दिवसांची आहे. माणसाची जमीन जाते ती तारीख चुकल्यामुळे कमी, आणि तारीख चुकल्यावर गप्प घरी बसल्यामुळे जास्त. आजच्या भाषणातली ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले.

समन्स घेतले नाही म्हणजे सुटलो?

पहिल्यांदा एक चुकीची समजूत दूर करू या. बेलीफ गावात आला की काही मंडळी मागच्या दाराने शेतात जातात. "सही केलीच नाही, तर कोर्ट काय करणार?" असे त्यांना वाटते. कोर्ट बरेच काही करू शकते. तुम्ही समन्स घ्यायला नकार दिला, तर बेलीफ ते तुमच्या दारावर डकवतो आणि तसा अहवाल कोर्टाला देतो. रजिस्टर टपाल नाकारले, तर पोस्टमनच्या शेऱ्यावरून समन्स बजावले असे कोर्ट धरू शकते. गरज पडली तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स छापून येते. ते तुम्ही वाचलेत की नाही हे कुणी विचारत नाही.

आणखी एक. तुम्ही घरी नसाल आणि लवकर परतण्यासारखे नसाल, तर घरातल्या कुणाही सज्ञान माणसाकडे, पुरुष असो की बाई, समन्स देता येते. समजा, तुम्ही जोडीने ऊसतोडीला गेला आहात. घरी म्हातारी आई आहे. बेलीफ आला, आईने अंगठा दिला आणि कागद देव्हाऱ्यामागे ठेवून दिला. चार महिन्यांनी तुम्ही परत आलात तोवर तीन तारखा होऊन गेलेल्या असतात. म्हणून बाहेरगावी जाताना घरच्यांना सांगून ठेवा की, कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी फोन करायचा, आणि कागदावरची तारीख शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायची. समन्स घेतल्याने तुम्ही हरत नाही. दावा कशाचा आहे, कुणी केला आहे आणि कधी जायचे आहे, हे समन्स घेतल्यानेच कळते.

दावा तुम्ही केलेला असेल तर

आता दोन बाजू वेगवेगळ्या पाहू. पहिली बाजू वादीची, म्हणजे ज्याने दावा लावला त्याची.

कोर्टात पुकारा होतो. तुम्ही नाही, तुमचे वकील नाहीत, आणि समोरचा प्रतिवादी मात्र हजर आहे. अशा वेळी कोर्ट तुमचा दावा गैरहजेरीत काढून टाकते. प्रतिवादीने तुमच्या मागणीतला काही भाग कबूल केला असेल, तर तेवढ्यापुरता निकाल तुमच्या बाजूने होतो. बाकीचा दावा जातो. पुष्कळांना वाटते की गेला तर गेला, नवा लावू. इथेच घात होतो. प्रतिवादी हजर असताना तुमच्या गैरहजेरीत दावा काढला गेला, तर त्याच कारणासाठी तुम्हाला नवा दावा लावता येत नाही. एकच वाट उरते. त्याच कोर्टात अर्ज देऊन दावा पुन्हा नंबरावर घ्यायला लावणे. हा अर्ज दावा काढल्याच्या दिवसापासून ३० दिवसांत द्यावा लागतो.

त्या दिवशी दोन्ही पक्ष गैरहजर असतील तर गोष्ट थोडी सोपी आहे. तेव्हाही दावा काढला जातो, पण तुम्ही तो नंबरावर आणण्याचा अर्ज देऊ शकता, किंवा दाव्याची मूळ मुदत शिल्लक असेल तर नवा दावाही लावू शकता. तरी अर्जाची वाट धरलेली बरी.

दावा तुमच्यावर असेल तर

दुसरी बाजू प्रतिवादीची. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी कैफियत, म्हणजे तुमचे म्हणणे, द्यायचे असते. कारण पाहून कोर्ट ही मुदत वाढवते, पण एकूण ९० दिवसांपर्यंत. त्यापुढे अगदीच अपवादात्मक कारण लागते. तुम्ही आलाच नाहीत, तर दावा तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालवावा असा हुकूम होतो. पुढे वादीचा पुरावा पाहून कोर्ट निकाल देते. त्याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. समोरून उलटतपासणी घेणारा कुणी नसतो, त्यामुळे वादी जे सांगेल त्याला विरोधच होत नाही.

इथे दोन टप्पे नीट ओळखा, कारण दोन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिला टप्पा: एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला आहे, पण निकाल अजून लागायचा आहे. अशा वेळी पुढच्या तारखेला किंवा तिच्या आधी हजर व्हा. मागच्या तारखेला का आलो नाही याचे योग्य कारण अर्जात द्या. कोर्टाला कारण पटले, तर पहिल्या दिवसापासून हजर असल्यासारखी तुमची बाजू ऐकली जाते. खर्चापोटी काही रक्कम भरायला सांगतील, ती भरा. आणि समजा कारण पटले नाही, तरी कोर्टाचे दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच संग्रामसिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे की, एकतर्फी हुकूम झाला तरी प्रतिवादीला पुढच्या कामात भाग घेता येतो. झालेले काम मागे फिरत नाही, पण तिथून पुढच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, युक्तिवाद करता येतो. तेव्हा "एकतर्फी झालं, आता काय जायचं" असे म्हणून घरी बसू नका.

दुसरा टप्पा: निकाल लागून गेला आहे. मग ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला त्याच कोर्टात तो रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. त्यासाठी दोनच कारणे चालतात. एक, समन्स तुम्हाला रीतसर बजावलेच गेले नव्हते. दोन, समन्स मिळाले होते, पण हजर न राहण्याला पुरेसे कारण होते. समन्स बजावण्यात काही किरकोळ चूक राहिली होती, एवढे दाखवून भागत नाही. तुम्हाला तारखेची माहिती होती आणि यायला वेळही होता असे कोर्टाला दिसले, तर त्या चुकीचा फायदा मिळत नाही.

एकतर्फी हुकूमनाम्यावर वरच्या कोर्टात अपीलही करता येते. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. मात्र अपिलाचा निकाल लागून गेला, तर खालच्या कोर्टातला रद्द करण्याचा अर्ज पुढे चालत नाही. म्हणून कोणती वाट धरायची हे वकिलांना विचारून ठरवा.

ही घाई कशासाठी, तेही ऐका. हुकूमनामा मिळालेला माणस दरखास्त दाखल करतो. पैशाच्या किंवा जमिनीच्या ताब्याच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत देता येते. म्हणजे आज कुणी दारात आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पाच वर्षांनी बेलीफ ताबा घ्यायला येऊ शकतो. आणि नुसता रद्द करण्याचा अर्ज दिला म्हणून दरखास्त थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

३० दिवस कसे मोजायचे?

वादीचे ३० दिवस दावा काढून टाकल्याच्या दिवसापासून चालू होतात. प्रतिवादीचे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून. पण समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा झाल्याचे तुम्हाला जेव्हा कळले, त्या दिवसापासून. ऊसतोडीला गेलेल्या, गाव सोडून शहरात राहणाऱ्या माणसाला याचा मोठा आधार आहे. मात्र कसे कळले, कुणाकडून कळले, कोणत्या दिवशी कळले, हे शपथेवर सांगावे लागते. म्हणून कळल्या दिवशीच ती तारीख लिहून ठेवा.

मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो. पण निकालाची नक्कल मिळायची आहे म्हणून थांबू नका. अपिलाच्या मुदतीतून नकलेला लागलेले दिवस वजा होतात. रद्द करण्याच्या किंवा नंबरावर घेण्याच्या अर्जाला ती सवलत धरून चालू नका. आज नकलेसाठी अर्ज करा आणि मुख्य अर्जाच्या तयारीलाही आजच लागा.

३० दिवस उलटून गेले असतील तर? तरीही एक वाट आहे. मुख्य अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज द्यायचा. त्यात उशीर का झाला ते सांगायचे. कोर्ट जास्त बारकाईने पाहते ते मुदत संपल्यानंतरच्या दिवसांकडे. आजारी होता तर बरे कधी झालात, बरे झाल्यावर काय केलेत, हे सगळे सलग जुळले पाहिजे. उशीर जितका मोठा, तितके कारण भक्कम लागते.

अर्जात काय लिहायचे?

कारण खरे लिहा, नेमके लिहा आणि त्याला कागद जोडा. दवाखान्यात होता, तर केसपेपर आणि डॉक्टरांचा दाखला. घरात कुणी वारले, तर मृत्यूचा दाखला. पुराने वाट बंद होती, तर ग्रामपंचायतीचा किंवा तलाठ्याचा दाखला, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत. तारीख चुकीची लिहून घेतली गेली, तर ज्या वहीत लिहिली ते पान. बाहेरगावी कामाला होता, तर मुकादमाचा किंवा कारखान्याचा कागद. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते.

"सुगीचे दिवस होते", "मजूर मिळत नव्हते" एवढ्याने सहसा भागत नाही. सुगी दरवर्षीच येते, आणि तारीख तर आधीपासून ठाऊक असते. कामाची अडचण खरी असेल, तर तारखेच्या आधी किंवा त्याच दिवशी वकिलांमार्फत मुदतीचा अर्ज द्यायचा. आणि एक सांगतो, ओळखीच्या डॉक्टरकडून खोटा दाखला आणू नका. शपथेवर खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ दावा राहील बाजूला आणि दुसरेच लचांड मागे लागेल.

अर्ज दिल्यावर समोरच्या पक्षाला नोटीस जाते. त्यांचे म्हणणे ऐकून कोर्ट हुकूम करते. अर्ज मंजूर होताना खर्च भरायची अट बहुधा असते. तो खर्च ठरलेल्या तारखेच्या आत भरून पावती जपून ठेवा. खर्च भरला नाही म्हणून मंजूर झालेला अर्जही वाया जाऊ शकतो. अर्ज नामंजूर झाला, तर त्या हुकमावरही अपील आहे, आणि जिल्हा न्यायालयात त्याचीही मुदत ३० दिवसच.

"वकील होते, मी कशाला जाऊ?"

दिवाणी दाव्यात साधारणपणे तुमचे वकील हजर असले की तुम्ही हजर आहात असे धरतात. पण तुमची साक्ष असेल, उलटतपासणी असेल किंवा तडजोडीची बोलणी असतील, त्या दिवशी स्वतः गेलेच पाहिजे.

वकीलच आले नाहीत तर? सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक आणि मुन्शीलाल यांच्या प्रकरणात खेड्यातल्या पक्षकाराची ही अडचण ध्यानात घेतली. वकील नेमून, फी देऊन आपले काम केलेल्या साध्या माणसाला वकिलाच्या चुकीची शिक्षा होऊ नये, असे तिथे ठरले. पण त्याच न्यायालयाने १९९३ साली हेही सांगितले की, प्रत्येक वेळी वकिलावर बोट दाखवून सुटता येणार नाही. पक्षकारानेही आपल्या कामावर लक्ष ठेवले पाहिजे. सालगडी कितीही भरवशाचा असला तरी मालक आठवड्यातून एकदा शेतावर चक्कर मारतोच की नाही? तसेच हे आहे.

वकिलांकडे तुमचा जुना पत्ता, जुना फोन नंबर राहिला असेल, तर तो बदलून द्या. पक्षकाराकडून सूचना येत नाहीत अशी पुरशीस देऊन वकील काम सोडू शकतात. मग तुमच्या बाजूने उभे राहायला कुणीच नसते.

खटला फौजदारी असेल तर

फौजदारी कामात गोष्ट जास्त कडक आहे. इथे आरोपीने स्वतः हजर राहायचे असते. येणे शक्य नसेल, तर त्या दिवशी वकिलांमार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यायचा. अर्जही नाही आणि माणूसही नाही, असे झाले की कोर्ट वॉरंट काढते. बहुधा आधी जामीनपात्र वॉरंट निघते. पोलीस आले आणि तुम्ही जामीन दिला, तर सोडतात. तरीही आला नाहीत, तर बिगर-जामीनपात्र वॉरंट निघते आणि मग अटक होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले आहे की, शक्यतो आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरच बिगर-जामीनपात्र वॉरंट असा क्रम असावा. पण दर खेपेला पुढची पायरी आपणच ओढवून घ्यायची, यात काय शहाणपण आहे?

वॉरंट आपोआप शिळे होत नाही. कोर्ट रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते चालूच राहते. सणाला घरी आलेल्या माणसाला चार वर्षांपूर्वीच्या वॉरंटवर पोलीस घेऊन जातात, ते यामुळेच.

तुमच्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाचाही विचार करा. तुम्ही गैरहजर राहिलात, तर जामीनकतबा जप्त होतो आणि रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस जामीनदाराला येते. तुमच्या शब्दाखातर सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिलेला तो सोयरा विनाकारण अडकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणे हा वेगळा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. माणूस फरारीच झाला, तर ३० दिवसांपेक्षा कमी नाही अशी मुदत देऊन कोर्ट हजर होण्याचा जाहीरनामा काढते, आणि मालमत्तेवर जप्ती आणू शकते.

मग करायचे काय? पोलीस येण्याची वाट पाहू नका. लपूनही बसू नका. वकिलांना घेऊन सकाळी कोर्ट बसायच्या वेळी स्वतः हजर व्हा, आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. सोबत कारणाचा पुरावा आणि शक्य तर जामीनदार न्या. आपल्या पायाने आलेल्या माणसाकडे आणि पकडून आणलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहते.

तक्रारदार तुम्ही असाल तरी तारीख सांभाळा. समजा, कांद्याच्या पैशापोटी व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही म्हणून तुम्ही खटला लावला. तुम्हीच गैरहजर राहिलात, तर आरोपी सुटू शकतो. आणि साक्षीचे समन्स आले असेल तर तेही टाळू नका. साक्षीदारालाही दंड होतो, आणि वॉरंट निघू शकते.

तहसील कचेरी आणि सोसायटी

तारीख फक्त कोर्टातच असते असे नाही. फेरफाराच्या नोंदीवर तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, नोटीस आली तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तक्रारी नोंदीची सुनावणी लागली तर हजर राहा. तुमच्या मागे हुकूम झालाच, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर अपिलाची मुदत ६० दिवस आहे. उशीर झाला आणि पुरेसे कारण असले, तर तेही माफ होऊ शकते. शेताच्या वाटेची अडवणूक मात्र १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली चालते. त्या निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते. म्हणून तिथली सुनावणी चुकवणे जास्त महागात पडते.

सोसायटीच्या थकबाकीचे तर विशेष ध्यान ठेवा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांची नोटीस येते. "आपलीच सोसायटी आहे, सेक्रेटरी ओळखीचा आहे" म्हणून माणूस तारखेला जात नाही. वसुलीचा दाखला निघतो. त्यावर फेरतपासणी मागायची तर दोन महिन्यांत जावे लागते, आणि येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी सोसायटीत भरावी लागते. हिशेब चुकीचा आहे, भरलेला हप्ता जमा धरलेला नाही, हे सांगायचे तर ते पहिल्या तारखेला पावत्या घेऊन सांगा. तिथे पावती दाखवायला पैसे पडत नाहीत. नंतर निम्मी रक्कम उभी करावी लागते.

घरचा कर्ता वारला तर

दावा चालू असताना वडील वारले, तर बारावे-तेरावे झाल्यावर पहिले काम म्हणजे वकिलांना कळवणे. वारसांची नावे ९० दिवसांत दाव्यात लावावी लागतात. वडील वादी असतील आणि नावे लागली नाहीत, तर त्यांच्यापुरता दावा संपतो. तसे झाले, तरी पुढच्या ६० दिवसांत तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज देता येतो. पोरांना दाव्याचा पत्ताच नसतो, आणि जमिनीचा हक्क असा हातचा जातो. म्हणून आपल्या हयातीतच कोर्टाचे कागद कुठे आहेत, वकील कोण आहेत, हे पोरांना आणि घरधनिणीला सांगून ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत?

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. तिथे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले लोक, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे, ती समितीत विचारावी. १५१०० हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही आहे. हा उपकार नव्हे, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. मागायला लाजू नका.

तारीख चुकूच नये म्हणून

प्रत्येक दाव्याला आता १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलांकडून घेऊन घरातल्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मोबाइलवर ई-कोर्टच्या सेवेत हा क्रमांक घातला की पुढची तारीख दिसते. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम सांगा, पाच मिनिटांचे आहे. तरीही त्या आठवड्यात वकिलांना एकदा फोन करा. कोर्टात गेल्यावर पुकारा ऐकू येईल अशा ठिकाणी थांबा. चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाचा पुकारा हवेतच विरतो. काम झाल्यावर पुढची तारीख तिथेच लिहून घ्या, दुसऱ्याच्या आठवणीवर सोडू नका.

आणि तारीख चुकलीच, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुढील कामे करा.

१. कोर्टात जाऊन त्या दिवशीचा रोजनामा पाहा. नेमका काय हुकूम झाला ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही.
२. दावा काढला, एकतर्फी चालवला, हुकूमनामा झाला की वॉरंट निघाले, हे कागदावर लिहून घ्या.
३. त्या दिवसापासून ३० दिवस मोजा आणि शेवटची तारीख दिनदर्शिकेत लाल शाईने लिहा.
४. गैरहजेरीच्या कारणाचा पुरावा ताजा असतानाच गोळा करा.
५. नकलेसाठी अर्ज करा, पण मुख्य अर्ज नकलेसाठी थांबवू नका.
६. हुकूमनामा झाला असेल, तर स्थगितीचा वेगळा अर्ज द्या.
७. वॉरंट असेल, तर स्वतःहून हजर व्हा.
८. मुदत उलटली असेल, तरी विलंब माफीच्या अर्जासह जा. जितके लवकर जाल तितके बरे.

बंधूंनो, कोर्टाचा कागद हाती आला की भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस तो कागद कुठेतरी खोचून ठेवतो. तसे करू नका. कागद वाचा, न समजला तर वाचून घ्या, आणि सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या ठिकाणी उभे राहा. आज कुणाच्या घरात असा खोचून ठेवलेला कागद असेल, तर हे पत्रक खाली ठेवल्यावर तो आधी बाहेर काढा आणि त्यावरची तारीख पाहा. ३० दिवस अजून व्हायचे असतील.